शब्दचर्चा: कॅलेंडरची फाइल 'आयात' करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

लेखनिक
थंडरबर्ड, आउटलुक अशा मेल आणि कॅलेंडर एकत्र सांभाळणाऱ्या डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी मराठी मदतपत्रक लिहितो आहे. मेलचा भाग सुरळीत पार पडला. 'पाठवा', 'उत्तर द्या', 'फाइल जोडा' हे शब्द आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलेत. घोडं अडलंय ते कॅलेंडरपाशी.

कुणीतरी आयसीएस फाइल, म्हणजे बैठका-भेटींच्या तारखा-वेळा साठवलेली कॅलेंडरची फाइल, पाठवतं. तिचं काय करायचं, याचे तीन पर्याय असतात. नुसती उघडून बघायची, तिच्यातलं सगळं आपल्या कॅलेंडरात घ्यायचं, किंवा फाइल बाजूला ठेवून मूळ कॅलेंडरचा इंटरनेटवरचा पत्ताच प्रोग्रॅमला द्यायचा, म्हणजे ते कायम दिसत राहतं. दुसऱ्याला मी 'आयात' लिहिलं आणि तिसऱ्याला 'सदस्यता'. कच्चा खर्डा वाचणाऱ्यांनी दोन्हींचा अर्थ एकच लावला: 'ते कॅलेंडर आपल्याकडे येतं.' येतं खरं, पण पुढे मूळ ठिकाणी बदल झाला की एकात तो दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही. हा फरक शब्दातच कळेल असं काही सुचतं का? आणि 'इव्हेंट'ला, म्हणजे कॅलेंडरातल्या एकेका बैठकीला किंवा भेटीला, काय म्हणावं?

जुनी वही
'आयात' हा शब्द मुळात क्रिया सांगतच नाही. आ + यात, म्हणजे 'आलेलं'. 'निर्यात' म्हणजे 'बाहेर गेलेलं'. व्यापारात ते चपखल बसतं, कारण माल एका बंदरातून सुटला की तिथे उरत नाही. इथे फाइल जागच्या जागी राहते आणि तिची नक्कल आपल्याकडे येते.

मराठीत या व्यवहाराला जुना शब्द आहे: 'उतरवून घेणे', आणि जे हातात पडतं तो 'उतारा'. मूळ नोंद दप्तरातच राहते, आपल्याकडे असतो तो त्या दिवशीचा उतारा. उद्या दप्तरात फेरफार झाला तर कालचा उतारा आपोआप सुधारत नाही, नवा काढावा लागतो. लेखनिकांना हवा असलेला फरक यात आयताच आहे.

तिरकस
वहीकाका, उतारा उत्तम, पण 'उतरवून घेणे' डाउनलोडने कधीच पटकावलंय. 'आधी फाइल उतरवून घ्या, मग तिच्यातून नोंदी उतरवून घ्या' असं वाचलेला माणूस तीच फाइल दोनदा डाउनलोड करेल आणि कॅलेंडर रिकामं का म्हणून विचारायला येईल.

'इव्हेंट'चं म्हणाल तर एवढीच विनंती, 'घटना' नको. एका प्रोग्रॅमच्या मराठी अवतारात 'घटना दुरुस्त करा' अशी आज्ञा पाहिली आहे. घटनादुरुस्ती! तीही साध्या बहुमताची भानगड नाही, एका क्लिकवर. खाली 'सर्व घटना आयात करा' होतंच.

ओलांडा
'कार्यक्रम' आहे की.

तिरकस
'उद्या सकाळी अकराला तुमचा कार्यक्रम आहे' अशी सूचना पडद्यावर उमटली तर हल्लीच्या मराठीत माणूस घाबरतो. गंमत सोडा, पण दंतवैद्याची वेळ हा कुणाचा कार्यक्रम?

शून्यबाइट
शब्द ठरवण्याआधी फाइलच्या पोटात काय असतं ते बघू, त्यातून अर्धं उत्तर मिळतं. आयसीएस ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्येही उघडते. १९९६ साली व्हीकॅलेंडर नावाचं स्वरूप आलं, त्याच्या फायलींच्या नावांना व्हीसीएस हे शेपूट असे. त्यावरून आयकॅलेंडर हे आयसीएस फायलींचं प्रमाण नोव्हेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४४५ म्हणून प्रसिद्ध झालं (आरएफसी म्हणजे इंटरनेटची प्रमाणं सांगणारे क्रमांकित दस्तऐवज) आणि सप्टेंबर २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने त्याची जागा घेतली. त्यात इव्हेंट हा एकच प्रकार नाही. करायची कामं वेगळी, रोजनिशीतली टिपणं वेगळी, कोण कधी मोकळा आहे ती माहिती वेगळी. या सगळ्यांना मिळून मी 'नोंद' म्हणेन. इव्हेंट ही 'वेळेची नोंद', टास्क ही 'कामाची नोंद'. संदर्भ उघड असेल तिथे नुसती 'नोंद' पुरते.

प्रत्येक नोंदीला एक ओळखक्रमांक असतो, जगात दुसऱ्या कुठल्याही नोंदीला नसावा असा. तीच फाइल दुसऱ्यांदा घेतली तर त्यावरून प्रोग्रॅमला ओळखता येतं की ही नोंद आपल्याकडे आहे. मग एखादा प्रोग्रॅम ती सोडून देतो, एखादा जुनीवर नवी लिहितो, एखादा बेफिकीरपणे आणखी एक उभी करतो. अशा नोंदींना 'दुबार नोंदी' म्हणा. 'डुप्लिकेट'पेक्षा सरस शब्द आहे आणि मतदारयाद्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. सीएसव्ही फाइलमधून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या तक्त्यातून, नोंदी घेताना सहसा हा ओळखक्रमांक नसतोच. म्हणून जुनं आउटलुक आधीच विचारून घेतं की दुबार नोंदी बदलू, राहू देऊ की घेऊच नको.

लेखनिक
'नोंद' आणि 'दुबार नोंद' पक्के. मग 'नोंदी भरा' म्हणू का आयातीला?

जुनी वही
'भरा' म्हटलं की एकेक करून हाताने भरायचं असं वाटतं. अर्ज भरतो तसं. इथे सगळं एका झटक्यात होतं, तेच तर त्याचं वैशिष्ट्य.

ओलांडा
'घ्या' का नको? आपण सगळे इथे 'नोंदी घेताना', 'कॅलेंडरात घ्यायचं' असंच लिहितोय, बघा वर. लेखनिकांनी प्रश्न विचारतानाही तेच लिहिलं. 'फाइलमधून नोंदी घ्या.' काय राहिलं?

शून्यबाइट
काहीच नाही. शिवाय 'कुठे घ्या' हा प्रश्न त्यातून आपसूक पुढे येतो, आणि तो फार महत्त्वाचा आहे. जुन्या आउटलुकमध्ये आयसीएस घेताना दोन बटणं पुढे येतात: एकाने ती फाइल वेगळं, नवं कॅलेंडर म्हणून उघडते, दुसऱ्याने तिच्यातल्या नोंदी तुमच्या चालू कॅलेंडरात मिसळतात. थंडरबर्डही विचारतो की कुठल्या कॅलेंडरात घेऊ. घाईत लोक चालू कॅलेंडर निवडतात आणि मग शेकडो परक्या नोंदी आपल्या नोंदींत कालवल्या जातात. एकेक निवडून काढत बसावं लागतं. मदतपत्रकात ठळक लिहा: आधी एक रिकामं कॅलेंडर तयार करा, त्यात घ्या, तारखा-वेळा नीट आहेत का ते पाहा. बिघडलं तर ते अख्खं कॅलेंडर काढून टाकता येतं.

पानवेल
मेनूत शब्द काय आहे ते आधी बघा हो! पडद्यावर 'आयात' किंवा 'इम्पोर्ट' असेल आणि पत्रकात 'नोंदी घ्या' असेल तर वाचणारा मेनूत 'घ्या' शोधत बसेल. बटणावरचा शब्द पत्रकात जसाच्या तसा हवा. समजावताना मात्र हवं ते मराठी वापरा.

लेखनिक
मान्य. बटणाचं नाव अवतरणात, पडद्यावर असेल तसं. समजावताना 'घेणे'. आता तिसरा पर्याय. 'सदस्यता' बदलू या का?

तिरकस
'वर्गणी' म्हणाल तर लोक पावती मागतील.

ओलांडा
'कॅलेंडर जोडा'?

लेखनिक
त्याच प्रोग्रॅममध्ये 'फाइल जोडा' म्हणजे मेलसोबत फाइल पाठवा. खर्ड्यात हे दोन्ही एकाच पानावर आले होते, वाचवेना.

जुनी वही
'पेपर लावला', 'मासिक लावलं' असं आपण म्हणतोच. एकदा सांगून ठेवायचं, पुढे येत राहतं. 'ऑनलाइन कॅलेंडर लावणे' म्हणा. बंद करायचं झालं तर 'कॅलेंडर बंद करणे', तेही पेपरसारखंच.

पानवेल
'कॅलेंडर लावा' म्हटल्यावर निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे खिळा येईल. पण 'ऑनलाइन' शब्द सोबत असेल तर चालेल, आवडलं. एक सूचना: नोंदी फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत, हेही त्याच वाक्यात सांगा. लावलेल्या कॅलेंडरात लोक वेळ बदलायला जातात आणि प्रोग्रॅम बिघडलाय म्हणतात.

शून्यबाइट
शब्दचर्चाच आहे तर माझेही दोन शब्द.

पहिला 'पर्यंत'. दिवसभराच्या नोंदीत शेवटची तारीख फाइलमध्ये धरायची नसते. १२ ते १४ असं तीन दिवसांचं शिबिर असेल तर फाइलमध्ये शेवट म्हणून १५ लिहावं लागतं. आपलं 'पर्यंत' मात्र तारखांच्या बाबतीत त्या दिवसाला पोटात घेतं. '१४पर्यंत सुट्टी' म्हटल्यावर १४ला कुणी कामावर येत नाही. त्यामुळे हाताने फाइल बनवणारी मंडळी १४ लिहितात आणि शिबिर दोन दिवसांचं दिसतं. पत्रकात तिथे 'पर्यंत' टाळून 'संपल्यानंतरचा दिवस' असं लिहा.

दुसरा 'घडी'. या फाइलमधली ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी असा संकेत आहे. लांब झाली की मोडून पुढच्या ओळीवर न्यायची आणि त्या ओळीच्या आरंभी एक रिकामी जागा सोडायची. इंग्रजीत याला 'फोल्डिंग' म्हणतात, त्याला 'घडी घालणे' आणि वाचताना 'घडी उलगडणे' हे अगदी नेमकं बसतं. आता गंमत बघा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, ३ बाइट खातं. नोंदीच्या शीर्षकाच्या ओळीला आरंभी 'समरी' हा रोमन शब्द आणि कोलन मिळून ८ बाइट लागतात. शीर्षक आहे 'वार्षिक अंदाजपत्रकाचा पहिला आढावा'. 'वार्षिक' २१, रिकामी जागा १, 'अंदाजपत्रकाचा' ३९, पुन्हा १, म्हणजे आरंभीचे ८ धरून ७० झाले. 'पहिला'तला 'प' ७३वर संपतो आणि 'ह' ७४ ते ७६. आळशी प्रोग्रॅम डोळे मिटून ७५वर कापतो आणि 'ह'चे दोन तुकडे एका ओळीत, तिसरा दुसरीत. घेणाऱ्या प्रोग्रॅमने आधी घडी उलगडून मग अक्षरं वाचली तर काही बिघडत नाही. आधी अक्षरं वाचली तर 'ह'च्या जागी प्रश्नचिन्हांचे चौकोन येतात. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना हा त्रास बहुधा कधी दिसतच नाही, त्यांची अक्षरं एकेका बाइटाची.

तिरकस
म्हणजे मराठीत शीर्षक आखूड ठेवावं, हा शासकीय पत्रांनाही लागू पडावा असा नियम निघाला.

ओलांडा
वेळा सरकतात त्याचं काय? घेतलेली बैठक काही तास उशिराची दिसते कधी कधी.

शून्यबाइट
वेळेच्या शेवटी झेड अक्षर असेल तर ती जागतिक प्रमाणवेळ, आणि प्रोग्रॅम ती तुमच्या वेळेत बदलून दाखवतो. झेड नाही आणि टाइम झोनचं नावही नाही, तर ती 'तरंगती' वेळ, जिथे वाचाल तिथली. स्थानिक वेळ लिहून कुणी उगाच झेड चिकटवला की बैठक सरकते. 'टाइम झोन'ला मराठी शब्द शोधत बसू नका, कॉम्प्युटरवर लोक तेच म्हणतात.

लेखनिक
सगळं धरून खर्डा असा झालाय:

"मेलमधून आलेली आयसीएस फाइल कॉम्प्युटरवर जतन करा. नवं रिकामं कॅलेंडर तयार करा. मग मेनूतून 'आयात' निवडून त्या फाइलमधल्या नोंदी या कॅलेंडरात घ्या. घेतलेल्या नोंदी ही त्या दिवसाची नक्कल आहे. पाठवणाऱ्याने पुढे वेळ बदलली तर इथे आपोआप बदलणार नाही. सतत बदलणारं वेळापत्रक असेल तर फाइल मागू नका, ऑनलाइन कॅलेंडरचा पत्ता मागा आणि ते लावून घ्या. त्यातल्या नोंदी दिसतील, पण तुम्हाला बदलता येणार नाहीत."

जुनी वही
छान. 'जतन करा'ऐवजी 'ठेवा' चालेल. 'जतन' म्हटलं की वारसावास्तू आठवते.

पानवेल
'कॅलेंडरात' की 'कॅलेंडरमध्ये'? वर फाइलला 'मधून' लावलंय, 'फाइलीतून' नाही.

तिरकस
पानवेलताई, त्यासाठी वेगळी शब्दचर्चा उघडा. ती या दिवाळीपर्यंत चालेल. दिवाळी धरून.