लहान तैलचित्रं: वाळवणं, किंमत, विक्री. सल्ला हवा आहे

पितळी_तामण (ठाणे)
नमस्कार मंडळी. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला वस्तुचित्राचा पेपर माझा सगळ्यात आवडता. त्यानंतर पंचवीस वर्षं ब्रश हातात घेतला नाही. गेल्या दिवाळीत तैलरंग आणले आणि आता रोज पहाटे दीड तास बसते. आकार ठरलेला, ६ बाय ८ इंच, कारण वन बीएचकेत जेवणाचं टेबल हाच माझा स्टुडिओ. विषय घरातलेच: आजीचं तामण, अर्धवट सोललेला कांदा, जांभळी नाक्यावरून आणलेल्या कैऱ्या. चाळीसेक चित्रं झाली.

तीन विकली गेली, तिन्ही ओळखीत. त्यातलं कांद्याचं चित्र आठव्या दिवशी बबलरॅपमध्ये गुंडाळून दिलं. हाताला कोरडं लागत होतं, पण त्यांनी उघडलं तेव्हा सालीवर गोल गोल ठसे उमटलेले. पैसे परत केले, तरी अजून मनाला लागून आहे.

तर पावसाळ्यात चित्र किती दिवसांनी द्यावं? किंमत कशी लावता? आणि ओळखीबाहेर विकायला ठाणे-नवी मुंबईत सुरुवात कुठून करावी?

खारघरची_टेकडी
ताई, तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून वर साय धरते आणि आत ओलं राहतं. तुमच्या कांद्याचं तेच झालं. पातळ थर असेल तरी मी पावसाळ्यात चार आठवडे थांबतो, जाड पांढरा असेल तर दोन महिने. रंगागणिकही फरक पडतो. बर्न्ट अंबर दोन दिवसांत वाळतो, आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियम रेंगाळतात. म्हणून पहिला थर मी अंबरमध्ये टर्पेंटाइन घालून पातळ देतो आणि तेल फक्त वरच्या थरात वाढवतो. उलटं केलं तर खालचा थर नंतर आकसतो आणि वरचा तडकतो.

वाळणारी चित्रं कपाटात अजिबात ठेवू नका. एक तर बुरशी, दुसरं म्हणजे अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडाची भिंत हवी, थेट ऊन नको. बोर्ड एमडीएफचा असेल तर मागची बाजू आणि चारही कडा जेसोने (रंगाआधी लावतात त्या पांढऱ्या अस्तराने) बंद करा, नाहीतर जुलैत कडा फुगतात. शीट प्लायवूडवाल्याकडूनच कापून घ्या. ८ बाय ४ फुटांत ६ बाय ८ चे हिशोबाने ९६ तुकडे बसतात, करवतीत थोडे कमी होतात.

आणि हे कृपा करून वाचाच: तेल लागलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सुटते, चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

घंटाळीचा_कट्टा
किमतीबद्दल. मी चौरस इंचाचा दर लावतो. ६ बाय ८ म्हणजे ४८ चौरस इंच. ३५ रुपयांनी १६८० होतात, फ्रेम वेगळी. दर कमीजास्त ठेवा, पण सगळ्या चित्रांना एकच ठेवा. आवडत्या चित्राला जास्त आणि मैत्रिणीला कमी असं सुरू झालं की पुढचा माणूस घासाघीस करतो. ओळखीच्यांना स्वस्तात द्यायचं असेल तर सरळ भेट द्या, किंमत पाडू नका.

नेरूळ_पूर्व
बेलापूरच्या सिडको अर्बन हाटमध्ये मेळे भरतात, तिथे स्टॉलची चौकशी करा. दोन वर्षांपूर्वी मी एका मेळ्यात बसले होते. मोठ्या कॅनव्हाससमोर लोक थांबतात आणि पुढे जातात. हातात मावणारं चित्र मात्र उचलून बघतात, "आमच्याकडेही असंच तामण होतं" म्हणतात आणि घेऊनही जातात. माझी मसाल्याच्या डब्याची चित्रं पहिल्या दिवशीच संपली होती. तुमचे विषय लोकांच्या घरातले आहेत, ते बदलू नका.

ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे, दोघीतिघींनी मिळून प्रदर्शन केलं तर भाडं वाटलं जातं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या प्रतीक्षा यादीत नाव घालायचं तर जरूर घाला, पण त्यासाठी थांबून राहू नका.

ऑनलाइन विकताना फोटो खिडकीपाशी सावलीत काढा, फिल्टर नको. एका फोटोत चित्र हातात धरलेलं दाखवा. आकार आकड्यांतून कोणाला कळत नाही.

पितळी_तामण
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! चिंध्यांचं ऐकून आधी उठून गॅलरीतली पिशवी रिकामी केली. अजून एक विचारते: वार्निश कधी? आणि कैरीच्या देठाजवळच्या लालसर छटेसाठी मी अ‍ॅलिझरिन क्रिमसन वापरते, ते चालेल ना?

खारघरची_टेकडी
नेहमीचं वार्निश सहा महिन्यांनंतर. तोवर हवं तर रिटच वार्निशचा (तात्पुरतं, हलकं वार्निश) पातळ हात द्या, त्यातून चित्र वाळत राहतं. अ‍ॅलिझरिन मात्र उजेडात फिकं पडतं, त्याऐवजी क्विनाक्रिडोनचा लाल रंग घ्या. विकत देणार आहोत तर दहा वर्षांनीही ती छटा तिथेच दिसायला हवी. पॅकिंगला आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, बबलरॅप सगळ्यात बाहेर.

घंटाळीचा_कट्टा
ताई, इटलीचे चित्रकार मोरांदी (१८९०–१९६४) बोलोन्यात आपल्या झोपायच्या खोलीतच काम करायचे. त्याच त्या बाटल्या आणि फुलदाण्या आयुष्यभर रंगवल्या. जेवणाचं टेबल पुरेसं आहे.

पितळी_तामण
हे वाचून बरं वाटलं. चाळीसपैकी सव्वीस चित्रं दोन महिन्यांपेक्षा जुनी निघाली, आज सगळ्यांच्या मागे तारीख लिहिली. ज्यांचा कांदा खराब झाला त्यांच्यासाठी नवा काढायला घेतला आहे. गणपतीनंतर देईन, बटर पेपरमध्ये. नेरूळताई, अर्बन हाटला चौकशीला जाताना सोबत याल का?

नेरूळ_पूर्व
येते की. शनिवारी सकाळी अकरा वाजता, बेलापूर स्टेशनवर. चार चित्रं बरोबर आणा.