मदत हवी आहे: फ्लाय लाईन गाइडला चिकटते, शनिवारच्या आत उपाय सांगा

भीमाथडी
फ्लायने, म्हणजे कृत्रिम माशी गळाला लावून, मासे धरतो. त्याची लाईन (फेकायची जाड दोरी) चिकटते आहे. फेकताना गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांतून, सुटतच नाही, तीसेक फुटांच्या पुढे जायचं नाव नाही. बोटांना मेणचट लागते आणि पाण्यावर टाकली की पुढचं टोक बुडतं. मागे हीच लाईन मस्त चालत होती. शनिवारी पहाटे परत निघायचंय. लाईनला काही लावायचं असतं का? कृपया नेमकं सांगा. 'आधी कास्टिंग (लाईन फेकणं) शिका' हे सोडून काहीही सांगा.

कास्टिंगवेडा
रॉड कितीचा? लाईन कितीची? फ्लोटिंग आहे ना? कुठल्या पाण्यावर, कुठल्या माशासाठी, दिवसाच्या कुठल्या वेळी? यातलं काहीच लिहिलं नाहीत. रॉड पाच नंबरचा आणि लाईन सात नंबरची असेल तरी अशीच जड पडेल.

गळवाले_तात्या
अहो, या परदेशी दोऱ्यांच्या मागे लागूच नका. आम्ही पोराटकीपासून भीमेवर बसतोय. बांबूची काठी, साधी तंगूस, कणकेचा घट्ट गोळा नाहीतर गांडूळ. कशाला काही चिकटत नाही. कणीक मळताना पाणी कमी घाला, नाहीतर गळावरून सुटते.

भीमाथडी
तात्या, आभारी आहे, पण मला फ्लायनेच करायचंय.
रॉड नऊ फुटी, पाच नंबर. लाईन मावसभावाने अमेरिकेतून येताना आणली. डबा तिकडेच राहिला, त्यामुळे नंबर माहीत नाही. पिवळसर आहे, तरंगणारी आहे.

सह्यपुत्र
महसीरसाठी पाच नंबरचा रॉड घेऊन जाणं हा माशावर अन्याय आहे. किमान आठ नंबर हवा. हलक्या रॉडवर मासा फार वेळ दमवला जातो आणि सोडून दिला तरी जगेलच असं नाही. गळ बिनबार्बचा, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा दाबलेला. मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, फोटोही पाण्यातच. पावसाळ्यात ते अंडी घालायला वरच्या अंगाला चढतात, तेव्हा तर नदीवर पाऊलही टाकू नये. आणि वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहांच्या आसपास गळाचा विचारसुद्धा नको. गावकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या ते मासे राखलेत म्हणून ते आज आहेत.

भीमाथडी
महसीर कुठून आला? मी कुठेच म्हटलं नाही. उजनीवर जातो, भिगवणच्या बाजूला. चिलापी.

सह्यपुत्र
मग पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना. तरी जे लिहिलं ते कुणाच्या तरी उपयोगाचं आहे, राहू द्या.

इंद्रायणीकाठ
सह्यपुत्र, एक जोडतो. आपल्या दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्या नदीची आज काय गत आहे ते संगम पुलावर नाक दाबून उभं राहणाऱ्याला विचारा. आणि तेच पाणी पुढे भीमेला मिळून उजनीत येतं. आमची इंद्रायणीही तुळापूरला भीमेतच जाते. आळंदीला फेस तरंगतो तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, पण तो खाली कुठे जातो हे कुणी विचारत नाही. भीमाथडी, तुमची लाईन मेणचट होते त्याचं कारण तेच आहे. हिरव्या शेवाळाचा चिकट थर बसतो. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, फडक्यातून ओढून काढा, फडकं हिरवं झालेलं दिसेल.

कास्टिंगवेडा
धुतलीच पाहिजे, हे बरोबर. पण शेवाळाने लाईन खरखरीत होते, मेणचट नाही. नंबराचा प्रश्न आधी सोडवू या, कारण तो अंदाजाने सोडवायची गरज नाही. लाईनचा नंबर म्हणजे तिच्या पुढच्या तीस फुटांचं वजन. पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन, साधारण ९.१ ग्रॅम. सहा म्हणजे १६० ग्रेन, १०.४ ग्रॅम. सात असेल तर १२ ग्रॅमच्या आसपास. लीडर (लाईनच्या टोकाला बांधलेली पारदर्शक तंगूस) सोडून टोकापासून ९ मीटर १४ सेंटिमीटर मोजा, तेवढाच भाग गुंडाळून काट्यावर ठेवा, उरलेली लाईन काट्याला टेकू देऊ नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दशांश दिसत नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा.

पाणवठा_पक्षी
मी भिगवणला पक्षी बघायला जाते. विषय लाईनचा आहे हे माहीत आहे, पण हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं. काठावर कापून टाकलेले नायलॉनचे तुकडे. गेल्या हिवाळ्यात एका शेकाट्याच्या पायात असा तुकडा अडकलेला पाहिला. गुडघ्याखाली तीन वेढे, पाय सुजलेला, आणि तो एकाच पायावर चिखलात उड्या मारत होता. जवळ गेलं की उडायचा, त्यामुळे सोडवताही आला नाही. तुम्ही टिपेट (लीडरच्या टोकाची बारीक तंगूस) बदलता तेव्हा जुना तुकडा कुठे टाकता?

गळवाले_तात्या
ताई, ते कोळ्या-भोयांच्या जाळ्याचं असेल. गळवाल्यांवर ढकलू नका.

पाणवठा_पक्षी
जाळ्याचा धागा वेगळा दिसतो, तात्या. फाटकी जाळी पडलेली असतात हे खरं आहे आणि त्यांचाही त्रास आहेच. पण तो तुकडा गळाच्या तंगुशीचाच होता, टोकाला गाठ होती.

भीमाथडी
ताई, मी तुकडे शर्टाच्या खिशात ठेवतो. खरंच. आता माझ्या लाईनचं बघू या का?
सराफाकडे जाऊन आलो. ९.२ ग्रॅम. म्हणजे पाच नंबरच. साबणाने धुतली, फडकं हिरवट झालं (इंद्रायणीकाठ, धन्यवाद), पण चिकटपणा आहे तसाच.

डेन्व्हरकर
मावसभाऊ अमेरिकेत कुठे राहतात? आणि 'मागे मस्त चालत होती' म्हणजे कुठल्या महिन्यात?

भीमाथडी
कोलोरॅडो. डिसेंबर-जानेवारीत चालत होती. आता एप्रिल आहे. महिन्याचा काय संबंध?

डेन्व्हरकर
तिथेच सगळा संबंध आहे. मी इकडे कोलोरॅडोतच साउथ प्लॅट नदीवर मासेमारी करतो. धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी असतं, भर उन्हाळ्यातही पाय बधिर होतात. इथल्या दुकानात ट्राउट माशासाठी सरसकट मिळते ती थंड पाण्याची लाईन. आतला गाभा मऊ, विणलेल्या धाग्यांचा, आणि वरचं आवरणही मुद्दाम मऊ ठेवलेलं, नाहीतर थंडीत ती स्प्रिंगसारखी वेटोळी घेते. तीच लाईन चाळीस अंशांत नेली की आवरण लिबलिबीत होतं, रॉडला आणि गाइडला चिकटतं, फेकल्यावर पुढे सुटतच नाही. जानेवारीच्या सकाळी उजनीवर ती चालणारच. तुम्हाला उष्ण प्रदेशाची, ट्रॉपिकल म्हणतात ती लाईन हवी. तिचा गाभा एकसंध कडक नायलॉनचा असतो, आवरणही कडक. खाऱ्या पाण्यातल्या बोनफिशसाठी असते ती याच जातीची, पण पाच नंबरमध्ये आहे का ते बघून घ्या.
आणि हो, बुटांचं. पाण्यात उतरायचे, तळव्याला फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड) असलेले बूट वापरत असाल तर बंद करा. फेल्ट लवकर वाळत नाही, त्यातून एका नदीतले जंतू आणि शेवाळ जिवंत दुसऱ्या नदीत जातात. मेरीलँडने २०११ मध्येच त्यावर बंदी घातली.

भीमाथडी
बूट नाहीत, मी काठावरून करतो. पण लाईनचं पटतंय. गाडीच्या डिकीत ठेवतो, दुपारी तिथे हात लावता येत नाही.

सह्यपुत्र
बुटांचा मुद्दा उडवून लावू नका. उजनीवर जलपर्णी आहे. जाळीच्या पिशवीत, सँडलच्या पट्ट्यात तिचा एक तुकडा अडकला आणि पुढच्या रविवारी तुम्ही मावळातल्या एखाद्या स्वच्छ ओढ्यात उतरलात, तर ती तिथे नेणारे तुम्हीच. सगळं सामान उन्हात कडकडीत वाळवूनच दुसऱ्या पाण्यावर न्या.
चिलापीचंही बोलतो. तीही इथली नाही, १९५२ साली भारतात आणली गेली. ती पकडून परत सोडणं म्हणजे नदीची सेवा नव्हे.

गळवाले_तात्या
सोडतंय कोण? तळून खातो आम्ही. पण चिलापीवर राग धरू नका, सह्यपुत्र. उजनीच्या काठावरची कितीतरी घरं तिच्यावर चालतात. धरणात गावं गेली, शेती गेली, मग हाच मासा हाती राहिला.

सह्यपुत्र
घरांवर राग नाही, तात्या. पण महसीर, मरळ, आपले मूळचे मासे का कमी झाले याचं उत्तरही कुणीतरी द्यायला हवं. चिलापी हे त्यातलं एक आहे, सांडपाणी दुसरं. आणि डोंगराकडच्या ओढ्यांत ब्लीचिंग पावडर टाकून, जिलेटीन फोडून मासे मारतात ते तिसरं. १८९७ च्या कायद्यापासून विष आणि स्फोटकं दोन्ही गुन्हा आहेत. एकाला पकडलेलं मी पाहिलं नाही.

इंद्रायणीकाठ
सांडपाणी दुसरं कसं? पहिलं. पाण्यात प्राणवायूच उरला नाही तर चिलापी असो की महसीर, कोण जगणार? टाटा पॉवरने लोणावळ्याला वळवणला किती वर्षं महसीरची पिल्लं वाढवली, ठिकठिकाणी सोडायला दिली. पिल्लं सोडायला नदी तर हवी.

कास्टिंगवेडा
सगळं मान्य, पण मूळ प्रश्नाकडे येऊ. डेन्व्हरकरांचं निदान बरोबर वाटतं. पण त्याने 'टोक बुडतं' याचा खुलासा होत नाही. उष्णतेने फ्लोटिंग लाईनचं फक्त टोक बुडत नाही. भीमाथडी, टोकाचा पहिला हातभर भाग नखावरून वाकवून पाहा, भेगा दिसतात का? आणि संध्याकाळी डासांचं मलम लावता का?

भीमाथडी
लावतो. तिथे डास फार आहेत.

कास्टिंगवेडा
त्यात डीट (डास पळवणारं रसायन, DEET) आहे का ते वेष्टनावर बघा. डीटने प्लास्टिक विरघळतं, लाईनचं आवरणही. तळहाताला मलम लागलेलं असताना तुम्ही लाईन ओढता, आणि गाठ मारताना टोकच सगळ्यात जास्त हाताळलं जातं. आवरणाला भेग पडली की गाभ्यात पाणी शिरतं आणि टोक बुडतं. मलम मनगटाच्या वरच लावा, तळहाताने नाही, हाताच्या पाठीने. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, म्हणजे मलम कमी लागेल.

भीमाथडी
दोन्ही करून पाहिलं.
वेष्टनावर डीट आहे. टोकापासून वीतभर बारीक आडव्या भेगा आहेत, नख फिरवलं की कळतात. तेवढा भाग कापला आणि लीडर अडकवायला नवीन लूप (फास) करून घेतला. बादलीत टाकलं, टोक तरंगलं.
मग गच्चीवर लाईनचा पुढचा अर्धा भाग बर्फाच्या पाण्यात ठेवला, मागचा अर्धा दुपारच्या उन्हात फरशीवर. अर्ध्या तासाने दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसून रॉडच्या गाइडमधून ओढले. थंड भाग सुळकन गेला. उन्हातला भाग प्रत्येक गाइडपाशी थांबत होता आणि फरशीवरची धूळ त्याला पिठासारखी चिकटून आली होती. म्हणजे डेन्व्हरकर बरोबर.
नवीन लाईन शनिवारपर्यंत येणार नाही. तोवर?

डेन्व्हरकर
पहाटे उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि मग सूर्य कलल्यावर. मधल्या वेळात रील ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, डिकीत अजिबात नाही. लांब फेकायचा हट्ट नको, चिलापी काठालगतच असते. जुनी लाईन टाकू नका. डिसेंबरात तीच बरी, ट्रॉपिकल लाईन थंडीत कडक वेटोळी घेते.

कास्टिंगवेडा
सिलिकॉनचं लाईन ड्रेसिंग मिळालं तर अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल तेल वगैरे कुणी सांगेल, ते लावू नका, धूळ धरतं.

गळवाले_तात्या
मी तेच सांगणार होतो. बरं, राहिलं.
भीमाथडी, परवानगीचं काय केलंत? धरणांवर मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी ठेक्याने किंवा परवान्याने दिलेले असतात. हौसेचा गळ असला तरी काठावर विचारून बसावं. आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, पण न विचारता बसलेलं आवडत नाही.

भीमाथडी
ज्यांच्या होडीच्या धक्क्याजवळ बसतो त्यांना दर वेळी विचारतो. परवान्याचं मात्र त्यांच्याकडूनच समजून घेतो.

पाणवठा_पक्षी
शनिवारी मीही तिकडे आहे, सकाळी. तुमच्या खिशातले तुकडे आणि काठावर जे सापडेल ते माझ्याकडे द्या. मी एका मोठ्या बरणीत गोळा करते आणि पुण्याला आणून बारीक कापूनच कचऱ्यात टाकते. तात्या, तुम्ही येताय का? फाटकी जाळी मला एकटीला ओढत नाहीत.

गळवाले_तात्या
येतो. कोयता घेऊन येतो, जाळं चिखलात रुतलेलं असतं, हाताने निघत नाही. आठच्या आत या, नंतर ऊन चढतं.