सल्ला हवा: सेलमधला डीआरएम-फ्री गेम आधी उतरतच नाही, उतरला तर इन्स्टॉल होत नाही

खिडकीतला_बोका:
लोकहो मदत करा, डोकं फिरायची वेळ आलीये. सेलमध्ये घसघशीत सूट बघून एक आरपीजी घेतला, डीआरएम-फ्री, म्हणजे इन्स्टॉलर उतरवून ठेवला की कायमचा आपला. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण दोष त्यांचा की माझ्या मशिनचा हेच कळत नाहीये. एक छोटी सेटअप फाइल आणि ११ बिन फाइली (गेमचा खरा डेटा यातच), मिळून ४२ जीबी. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, स्पीड टेस्ट केली की ९५ च्या वर दाखवते आणि हा गेम मात्र ६००-७०० केबीने रांगतोय. मधे लाईट गेली, राउटर बंद, परत सुरू केलं तर दोन फाइली पुन्हा शून्यापासून. एवढं करून सगळं उतरवलं, इन्स्टॉल लावलं, तर अर्ध्यात "सोर्स फाइल करप्ट आहे" म्हणून थांबलं. आता सगळं परत उतरवू का? की रिफंड मागू? की डाउनलोड मॅनेजर वापरू? कुठला वापरता तुम्ही लोक?

गुंड्याभाऊ_२.०:
टोरेंट मारायचा ना सरळ 😀

खिडकीतला_बोका:
अरे पैसे भरलेत बाबा, तेही एका मिसळीएवढे. चोरी कशाला करू.

रात्रपाळी:
टोरेंट म्हणजे चोरीच असं काही नाही हां, हंबल बंडल या गेमच्या दुकानावाले एकेकाळी डीआरएम-फ्री गेमचे स्वतःच अधिकृत टोरेंट द्यायचे. असो. बोक्या, परत उतरवायच्या आधी एवढं सांग. एक, एरर दर वेळी त्याच फाइलवर येते की वेगवेगळ्या? दोन, वायफाय की केबल? तीन, फाइली ठेवतोयस कुठे, एसएसडी, जुनी हार्ड डिस्क की पेन ड्राइव्ह? आणि मशिन काय आहे ते पण.

खिडकीतला_बोका:
रायझेन आहे, १६ जीबी रॅम, आठच्या दोन कांड्या, असेंबल केलेला पीसी. फाइली डी ड्राइव्हवर, ती साधी हार्ड डिस्क. वायफाय. आणि एररचं तू विचारलंस म्हणून मुद्दाम परत लावून बघितलं, मगाशी ४० टक्क्यांना अडकलं होतं आणि आता ६३ पर्यंत गेलं, फाइलचं नाव पण वेगळं दाखवतंय. हे काय गौडबंगाल आहे?

निळा_पडदा:
थांब, काहीही डिलीट करू नकोस आणि परत उतरवूही नकोस. तू "स्लो" आणि "करप्ट" ही एकच भानगड समजतोयस पण ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि बहुतेक जण इथेच फसतात, नेट स्लो होतं म्हणून फाइल खराब उतरली असणार असं धरून चालतात आणि ४०-४० जीबी परत परत ओढत बसतात.

आता नीट बघ. आजकाल सगळी दुकानं एचटीटीपीएस वरून फाइल देतात. त्यात प्रत्येक तुकड्याची तपासणी होते, वाटेत एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी कनेक्शन तुटतं, चुकीचा डेटा गुपचूप आत येत नाही. म्हणजे नेट कितीही भिकार असलं तरी त्याने फाइल अर्धवट राहील, बिघडणार नाही. मग फाइल खराब असेल तर ती एकतर अपुरी उतरलीये, नाहीतर तुझ्या घरात आल्यावर सडलीये, म्हणजे डिस्क, रॅम, यूएसबी, केबल यातलं काहीतरी. दुकानाच्या सर्व्हरवरच खराब फाइल असणं हे पण होतं, पण क्वचित, आणि तेव्हा सगळ्यांनाच तीच एरर त्याच जागी येते.

अपुरी आहे का ते बघायला मिनिट लागत नाही. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि बाइट्समधला साइज बघ. बिन फाइली साधारण ४ जीबीच्या एकसारख्या असतात, फक्त शेवटची लहान. मधलीच एखादी तोकडी असेल तर तेवढी एकच परत उतरव, बाकीच्यांना हात लावू नको. आणि एखादी बिन फाइल चुकून काही केबीचीच असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून बघ, आत गेम नसतो, "लिंकची मुदत संपली" असं सांगणारं वेबपेज असतं. या दुकानांच्या डाउनलोड लिंकला मुदत असते, काही तासांची वगैरे, त्यामुळे रात्री पॉज करून सकाळी रिझ्यूम केलं की सर्व्हर नाही म्हणतो आणि काही डाउनलोड मॅनेजर ते नकाराचं पानच फाइल म्हणून सेव्ह करून मोकळे होतात.

पण तुझ्या केसमध्ये मला वेगळाच वास येतोय. एकच खराब फाइल असती तर इन्स्टॉल दर वेळी तिथेच अडकलं असतं. तुझं एकदा ४० ला, एकदा ६३ ला, फाइल पण वेगळी. म्हणजे फाइल बहुतेक ठीक आहे, वाचणारा चुकतोय.

हे करून बघ. पॉवरशेल उघड, गेट-फाइलहॅश ही कमांड कुठल्याही एका मोठ्या बिन फाइलवर चालव. फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला एक लांबलचक आकडा येईल, यालाच हॅश म्हणतात, तो कॉपी करून ठेव. परत तीच कमांड त्याच फाइलवर, असं चार-पाचदा. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर राइट क्लिकमध्येच सीआरसी-शाचा पर्याय मिळतो, तेही चालेल. फाइल बदललेली नसताना आकडा बदलला तर समज की रॅम किंवा डिस्क खोटं बोलतेय. खरं तर एकदा वाचलेली फाइल विंडोज रॅममध्येच धरून ठेवतं, म्हणून मधे एकदा रिस्टार्ट पण मार, म्हणजे परत डिस्कवरून वाचली जाईल.

रात्रपाळी:
+१. यात अजून एक, प्रोसेसर इंटेलचा १३व्या किंवा १४व्या जनरेशनचा डेस्कटॉपवाला आय७-आय९ असता तर मी पहिला संशय त्याच्यावर घेतला असता. २०२४ मध्ये इंटेलने स्वतः मान्य केलं होतं की व्होल्टेजच्या गडबडीमुळे ते चिप अस्थिर होतात, आणि लक्षण नेमकं हेच, मोठ्या झिप किंवा इन्स्टॉलर उलगडताना एरर. बायोस अपडेट आला, वॉरंटी दोन वर्षं वाढवून दिली. पण तुझा रायझेन आहे म्हणजे हे सोड, ज्यांचा इंटेल आहे त्यांनी वाचा आणि बायोस अपडेट करा.

मालवणी_मॉडेम:
आता स्लोचं मी बघतो, हा माझा आवडता छळ आहे.

पहिलं, बिट आणि बाइट. तुझे १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, ब्राउझर बाइटमध्ये दाखवतो. म्हणजे सगळं सुरळीत असेल तर ४२ जीबी तासाभरात यायला हवेत. ६५० केबीने अठरा तास लागतात. हा फरक बिट-बाइटच्या गोंधळाचा नाही, खरंच काहीतरी तुंबलंय.

स्पीड टेस्टवर जाऊ नको. ती तुझ्या आयएसपीच्या (इंटरनेट कंपनीच्या) जवळच्या, बऱ्याचदा त्यांच्याच ऑफिसात ठेवलेल्या सर्व्हरशी बोलते. गेम येतो सीडीएनवरून, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरच्या जाळ्यातून, आणि तो सीडीएन तुला मुंबईतून देतोय, सिंगापूरहून की थेट युरोपातून हे स्पीड टेस्टला काय माहीत. गल्लीतला रस्ता मोकळा असला म्हणजे घाटात ट्रॅफिक नाही असं थोडंच.

सोपी परीक्षा सांगतो. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू कर, तीच फाइल त्याच ब्राउझरमधून दोन मिनिटं उतरवून बघ आणि कॅन्सल कर. तिथे भराभर आली तर दुकान निर्दोष, तुझा आयएसपी किंवा राउटर दोषी. तिथेही रांगली तर सेलची गर्दी, पहाटे लाव.

हॉटस्पॉटवर फास्ट आली तर मग पीसीला लॅन केबल लाव. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय अपार्टमेंटमध्ये म्हणजे मासळी बाजार, शेजारच्या सगळ्यांचे राउटर त्याच चॅनेलवर ओरडत असतात. केबल नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झवर जा. त्यानंतर डीएनएस बघ, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा. यूट्यूबवर बघून लोक राउटरमध्ये बाहेरचा डीएनएस टाकतात, वेबसाइट उघडायला तो छानच असतो पण मोठ्या सीडीएनचे काही कॅशे (फाइलींच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) आयएसपीच्या आत बसवलेले असतात आणि ते बऱ्याचदा आयएसपीचाच डीएनएस वापरणाऱ्याला दिसतात, बाकीच्यांना लांबचा सर्व्हर मिळतो. उलटही होतं, आयएसपीचा डीएनएस मठ्ठ असतो आणि बाहेरचा बरा पडतो. दोन्ही लावून बघायचं, इथे तत्त्वज्ञान नाही.

आणि एफयूपी तपास, म्हणजे ठरावीक डेटा वापरला की स्पीड कमी करायची अट. "अनलिमिटेड" लिहिलेलं असलं तरी मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते, गल्लीतल्या केबलवाल्याची याहून बरीच कमी असू शकते.

डाउनलोड मॅनेजर वापर, फ्री डाउनलोड मॅनेजर किंवा जेडाउनलोडर, फुकट आहेत. एका फाइलसाठी चार कनेक्शन पुरे, सोळा लावलीस तर काही सर्व्हर तुलाच बाहेर काढतात. लिंकची मुदत संपली तर दुकानाच्या पानावरून नवी लिंक घेऊन जुन्या अर्धवट डाउनलोडला चिकटवता येते, मग शून्यापासून नाही सुरू होत. आणि राउटरला छोटा यूपीएस घे बाबा, लाईटचा भरवसा तुमच्याकडे असेल, आमच्याकडे पाऊस सुरू झाला की संपला.

सुमाताई_६४बिट:
एक राहिलं. दुकानाचं स्वतःचं अ‍ॅप असेल तर मोठ्या गेमसाठी ते वापरायला लाजू नका. मला माहितीये डीआरएम-फ्री घेणाऱ्यांना क्लायंट म्हटलं की अंगावर काटा येतो, मलाही येतो. पण जीओजी या डीआरएम-फ्री गेमच्या दुकानाच्या गॅलक्सीसारखं अ‍ॅप गेम लहान लहान तुकड्यांत उतरवतं, प्रत्येक तुकडा तपासतं, चुकला तर तेवढाच परत आणतं. खराब झालं तर व्हेरिफाय-रिपेअर आहे. गेम एकदा बसला की गॅलक्सी काढून टाकलं तरी चालतो. ऑफलाइन इन्स्टॉलर मग निवांत उतरवा, साठवणीसाठी.

लिनक्सवाल्यांसाठी एलगॉगडाउनलोडर आहे, जीओजीच्या पानावर एमडी५ (फाइल पडताळायचे हॅश) दिसत नाहीत पण हे टूल ते मागवून स्वतः पडताळून बघतं. आणि इनो-एक्स्ट्रॅक्ट नावाचं एक फुकटचं टूल विंडोजच्या सेटअप-बिन फाइली इन्स्टॉल न करता नुसत्या तपासून देतं, माझं रोजचं हत्यार आहे ते. सेटअप फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही ठीक दिसली म्हणून खूश होऊ नका, ती सही सेटअपची, बिन फाइलींची नाही.

रिफंडचं विचारलं होतं, तर प्रत्येक दुकानाचं वेगळं असतं. जीओजी २०२० पासून घेतल्यापासून ३० दिवसांत, गेम उतरवून खेळला असला तरी देतं. पण आधी त्यांच्या सपोर्टला लिहावं लागतं, आणि ते पहिल्यांदा हेच सगळं विचारणार जे इथे विचारलंय. म्हणून एररचा स्क्रीनशॉट काढून ठेव.

खिडकीतला_बोका:
अपडेट. पडदासाहेब, पाय कुठे आहेत तुमचे!! सगळ्या बिन फाइलींचे साइज बरोबर निघाले. मग सात नंबरच्या बिनवर हॅश काढला, पहिले दोन आकडे सारखे, तिसरा वेगळा. रिस्टार्ट करून काढला, परत पहिल्यासारखा. बसूनच राहिलो बघत.

निळा_पडदा:
रॅम. ९० टक्के रॅम. डिस्कचा पण निकाल लाव, क्रिस्टलडिस्कइन्फो टाक आणि रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागा) शून्य आहेत का बघ. यूडीएमए सीआरसी एररचा आकडा चढत असेल तर साटा केबल बदल, स्वस्तात सुटशील. मग मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट कर आणि रात्रभर चालू दे. एकही लाल ओळ आली तरी नापास, "एकच आहे, चालेल" असं नसतं.

आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, चालू आहे का बघ. असेंबल करून देणारे चालू करून देतात, बहुतेक वेळा चालतं, पण काही कांड्यांना तो वेग झेपत नाही.

खिडकीतला_बोका:
डिस्क ठणठणीत. मेमटेस्टमध्ये लालच लाल. एक्सएमपी बंद केलं तरी थोड्या ओळी आल्या, मग एकेक कांडी काढून बघितली तर एक कांडी साफ आणि दुसरी भिकार. चांगल्या कांडीवर, तेवढ्या ८ जीबीवर गेम इन्स्टॉल झाला, त्याच जुन्या फाइलींवरून, काहीही परत न उतरवता! दुसरी कांडी वॉरंटीत आहे, बिल शोधतोय. आता कळलं मागे दिवाळीचे फोटो अर्धे करडे का दिसत होते.

मॉडेमभाऊ, हॉटस्पॉटवर ९ एमबीने आली फाइल. भावाने राउटरला बाहेरचा डीएनएस टाकून ठेवला होता, तो ऑटोवर केला आणि केबल लावली, आता १०-११ एमबी येतंय.

सुमाताई_६४बिट:
फोटोंचं वाचून पोटात गोळा आला. खराब रॅम असताना त्या पीसीवरून जे जे कॉपी केलंस ते सगळं संशयित धर, बॅकअप पण. गेम परत मिळतो. आणि इन्स्टॉलर बाहेरच्या डिस्कवर ठेवणार असशील तर आत्ताच, आत्ता म्हणजे नवी कांडी आल्यावर, सगळ्या फाइलींचे हॅश काढून एका टेक्स्ट फाइलमध्ये त्याच फोल्डरमध्ये ठेव. पाच वर्षांनी दुकान असो नसो, फाइल तीच आहे का ते तुला स्वतःला बघता येईल. डिस्क फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस कर. बाजारात १ टीबी म्हणून विकले जाणारे अतिस्वस्त पेन ड्राइव्ह आधी एचटूटेस्टडब्ल्यूने तपास, पुष्कळदा आत ३२-६४ जीबीच असतात आणि त्यापुढचं सगळं हवेत लिहिलं जातं.

नवाकोरा_गडी:
याच धाग्यात विचारतो, माझा पण सेलमधला गेम आहे, मला करप्ट वगैरे नाही येत पण सेटअप चालू केलं की म्हणतं डिस्क २ टाका. सीडी ड्राइव्हच नाहीये माझ्याकडे 😐

रात्रपाळी:
हाहा, सीडीच्या जमान्याचा मेसेज आहे तो, हा इन्स्टॉलर बनवणारं सॉफ्टवेअर तेव्हापासून चालत आलंय. त्याला पुढची बिन फाइल सापडत नाहीये एवढंच. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये आहेत का? आणि नावं बघ, एकच फाइल दोनदा उतरवली की ब्राउझर नावापुढे कंसात १ लावतो, सेटअपला ते नाव ओळखू येत नाही. कंस काढून टाक. आणि मधल्या काळात दुकानाने गेमचा पॅच सोडला असेल तर जुनी सेटअप आणि नव्या बिन अशी खिचडी पण होते, फाइलच्या नावातला व्हर्जन नंबर सगळीकडे सारखा हवा.

नवाकोरा_गडी:
कंसच होता! झालं इन्स्टॉल, धन्यवाद दादा. गेममध्ये आवाज येत नाहीये पण.

रात्रपाळी:
नवीन धागा काढ.