'२१.२२ (१४८)', 'बिहाइंड' आणि 'धारातीर्थी'

पोफळी : 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल' या खेळातला मेलबर्न क्लबचा खेळाडू आणि दुसऱ्या महायुद्धातला लढाऊ वैमानिक कीथ 'ब्लूई' ट्रस्कॉट याच्यावरचं टिपण मराठीत आणायचं आहे. १९३९च्या अंतिम सामन्याचा निकाल 'मेलबर्न २१.२२ (१४८), कॉलिंगवुड १४.११ (९५)' असा आहे. 'बिहाइंड'ला 'हुकलेला गोल' चालेल?

आडवंगंध : टिंब दशांशाचं नाही. डावीकडे गोल, उजवीकडे बिहाइंड. गोलाचे ६ गुण, बिहाइंडचा १. २१ सक १२६, त्यात २२, झाले १४८. टिंब तसंच ठेवलंत तर वाचक 'एकवीस पूर्णांक बावीस शतांश' वाचेल; '२१ गोल, २२ बिहाइंड, एकूण १४८' असं फोडून लिहा.

'हुकलेला गोल' नको. हुकला, तर गुण कशाचा? मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोघांतून पायाने मारलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता गेला की गोल; मधला आणि कडेचा यांच्यामधून गेला, किंवा मधल्या खांबाला लागला, की बिहाइंड. शब्द तोच ठेवा, पहिल्या जागी अर्थ द्या. कबड्डीतलं 'लोण' आपण कुठे भाषांतरित करतो?

पोफळी : आणि 'ब्लूई', 'प्रीमियरशिप'?

तळटीप : ऑस्ट्रेलियात लाल केसांच्या माणसाला गमतीने 'ब्लूई' म्हणतात; नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. 'प्रीमियरशिप' म्हणजे अजिंक्यपद. तसंच ठेवलं तर वाचक थेट इंग्लंडला पोचेल. ट्रस्कॉटची दोन, १९३९ आणि १९४०. 'डीएफसी अँड बार'मधलं डीएफसी म्हणजे 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे वैमानिकांचं शौर्यपदक; बार म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा. आपल्या सैन्यातही हाच शब्द आहे.

पोफळी : शेवटी 'तो धारातीर्थी पडला' असं लिहिलंय.

आडवंगंध : खोडा. धारातीर्थ म्हणजे शस्त्राच्या धारेचं तीर्थ, रणांगणावरचंच मरण. २८ मार्च १९४३ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियात, एक्समथ आखातावर, तो किटीहॉक या लढाऊ विमानातून कॅटालिना जातीच्या एका आपल्याच विमानावर सरावाचे लटके हल्ले करत होता. उंचीचा अंदाज चुकला, विमान समुद्रावर आदळलं. समोर शत्रू नव्हता. 'सेवेत असताना अपघाती मृत्यू' लिहा. न्यू गिनीतल्या मिल्न बेच्या लढाईतला त्याचा पराक्रम त्याने उणा होत नाही.

तळटीप : १९४२च्या रिचमंडविरुद्धच्या सामन्याला 'पुनरागमन'ही नको. युद्धाच्या धामधुमीत त्या वर्षी तो तेवढा एकच सामना खेळला.