नवीन मांजराला दार कधी उघडायचं?

बारा दिवसांपूर्वी आमच्याकडे दोन मांजरं आली. तीन वर्षांची मनी, आणि तिच्याच पिंजऱ्यात राहिलेला म्हणून सोबत आणलेला पाच महिन्यांचा ढम्या. मनीचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय, ढम्याचं बाकी आहे. पहिले तीन दिवस मनी कपाटामागून हललीच नाही, खायला फक्त रात्री यायची. आता तीच मनी पहाटे पाचला दारावर पंजे घासते आणि मला उठवते.

घरात दोन पक्ष पडलेत. एका पक्षाचं म्हणणं, मांजर ते, बाहेर जाणारच, उगाच कोंडून काय ठेवायचं. दुसऱ्या पक्षात मी एकटीच आहे, आणि मलाही नक्की काही ठाऊक नाही. तुम्ही पहिल्यांदा दार कधी उघडलंत, कशावरून ठरवलंत, पुढे काय झालं ते लिहा. फसलेलं असेल तर ते आधी लिहा.

*

फसलेलं आधी हवंय ना, मग माझं घ्या. मी नवव्या दिवशी दार उघडलं. ती मांडीवर येऊन बसत होती, पोटाला हात लावू देत होती, मला वाटलं झाली आपली. बाहेर पडली, अंगणात दहा पावलं गेली, तेवढ्यात शेजारच्यांनी लोखंडी फाटक धाडकन लावलं. त्यानंतर अकरा दिवस ती दिसली नाही.

आम्ही लांब लांब शोधत फिरलो, हाका मारल्या, फोटो चिकटवले. सगळं चुकीच्या जागी. घाबरलेलं मांजर बहुतेकदा लांब जात नाही, जवळच एखाद्या भोकात शिरतं आणि गप्प बसतं. मालकाचा आवाज ओळखीचा असला तरी ओ देत नाही, कारण आवाज केला की जागा कळते. हे मला एका प्राणिमित्र बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, दिवसा हाका मारणं बंद करा, रात्री दोनला बॅटरी घेऊन जा आणि जमिनीलगत बघा.

असं शोधायला लागल्यावर तिसऱ्या रात्री, चार घरं सोडून, जिन्याखालच्या अडगळीत दोन हिरवे ठिपके चमकले. मी जमिनीवर पालथी पडून तिच्या खाण्याचा डबा हलवत राहिले. वीस मिनिटांनी ती सरपटत आली. निम्मी झाली होती. मांडीवर बसते म्हणजे माणसाची ओळख झाली, घराची नाही, हे मला तेव्हा कळलं.

*

मी आजवर पाच मांजरं बाहेर सोडलीत, पाचही परत आली. थोडं नशीब, थोडी पद्धत.

मोठं मांजर असेल तर किमान तीन आठवडे घरात, बुजरं असेल तर महिना-दीड महिना. या काळात रोज एकच काम: वाटी ठेवण्याआधी चमच्याने डब्यावर तीनदा ठक ठक ठक करायचं आणि नाव घ्यायचं. सुरुवातीला काही होत नाही. पंधरा दिवसांनी दुसऱ्या खोलीत झोपलेलं मांजर शेपटी ताठ करून धावत येतं. हा आवाज ऐकून दहापैकी दहा वेळा येत नाही तोवर माझ्या घरचं दार उघडत नाही. तारखेपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

पहिल्यांदा सोडायचं ते उपाशीपोटी, जेवणाच्या वेळेआधी, दिवसाउजेडी, पाऊस-वारा नसताना. उचलून बाहेर नेऊन ठेवायचं नाही. त्याच्या पायांनी जाऊ दे. आणि दार मागे उघडं ठेवायचं, यात आळस नको. माझ्या बोक्याने पहिल्या दिवशी उंबऱ्यावर पाच मिनिटं नाक हलवलं, मग पोट जमिनीला टेकवून कुंडीपर्यंत गेला, कुंडीच्या कडेला गाल घासला, आणि दुचाकीचा आवाज येताच बाणासारखा आत. गाल घासणं म्हणजे वास लावणं. दुसऱ्या दिवशी तो आधी त्याच कुंडीपाशी गेला, तिथून पुढे भिंतीपर्यंत. आठवडाभर रोज थोडी हद्द वाढवत नेली त्याने. मी फक्त पायरीवर चहा पीत बसलो होतो.

*

घर बदललं असेल तर तीन आठवडे पुरत नाहीत, एवढंच सांगते. आमचं जुनं घर दोनेक किलोमीटरवर. नवीन घरातून महिन्याभराने सोडलं तर स्वारी थेट जुन्या ओट्यावर. तिथे राहायला आलेल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की लाड करू नका, खायला घालू नका, फोन करा. तीनदा आणलं. चौथ्यांदा गेली नाही.

*

दार कधी उघडायचं याची चर्चा चाललीय, लसींचं कुणीच बोलत नाही! मी सुटका केलेल्या मांजरांसाठी काम करते, म्हणून जरा चिडून लिहितेय.

पिल्लांची तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यायची असते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. हे पुरं झाल्याशिवाय पाऊल बाहेर नाही. पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे तिहेरी लस ज्यांपासून वाचवते त्यातला एक जीवघेणा उलट्या-जुलाबांचा आजार; त्याचे विषाणू बाहेरच्या मातीत, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतात. आजारी मांजर समोर यायचीही गरज नसते.

आणि ऑपरेशन. मादी चार महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं. 'एवढीशी तर आहे' म्हणत सोडलेली किती एवढीशी पोट घेऊन आमच्याकडे येतात ते बघायला या कधी. बोक्याचंही तेच. ऑपरेशन न झालेला बोका भांडतो, आणि मांजरांचा एड्स म्हणतात तो एफआयव्ही मुख्यतः चावण्यातून पसरतो. ऑपरेशननंतरही काही आठवडे बोक्यापासून गाभ राहू शकतो, म्हणजे टाके भरले की लगेच सोडला असं नको. तेव्हा ढम्या घरातच. मनीचं तुम्ही ठरवा.

कातडीखाली ओळखीची चिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते. मात्र ती मांजर कुठे आहे ते सांगत नाही, सापडलेलं मांजर कुणाचं एवढंच त्यातल्या पंधरा आकड्यांवरून कळतं, तेही तुमचा पत्ता नोंदवलेला असेल तर. गळ्यात पट्टा घालणार असाल तर झटका बसला की सुटणाराच घाला. साध्या पट्ट्यात पंजा अडकून काखेत खोल जखम झालेलं मांजर मी स्वतः सोडवलंय.

*

आमच्याकडे उत्तर 'कधीच नाही'. तिसरा मजला, खाली रस्ता. मांजर कुठूनही पडलं तरी पायांवर उतरतं म्हणतात; आमचं उतरलं पायांवरच, जबडा आणि पुढचा पाय मोडला. आता बाल्कनीला जाळी आहे, आत एक उंच फळी, त्यावरून ती पाखरांकडे बघून दात कटकटवते. सुखी दिसते. पाखरंही सुखी.

*

आमचा पांढराशुभ्र, निळ्या डोळ्यांचा, आणि ठार बहिरा. अशा मांजरांत बहिरेपण बरंच आढळतं. वर लिहिलेलं डब्याचं ठक ठक आमच्या काय कामाचं? आम्ही दिव्यावर शिकवलं. जेवणाआधी पायरीवरचा दिवा तीनदा लावायचा-विझवायचा. दोन महिने लागले. तरीही मोकळा सोडत नाही, कारण मागून येणारी गाडी त्याला कळणार नाही. भिंतीने बंद असलेल्या परसात संध्याकाळी सोडतो. दुपारच्या उन्हात नाहीच, पांढऱ्या मांजरांचे कान भाजतात आणि पुढे तिथे कॅन्सर होऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलंय.

*

पट्टा बांधून फिरवायचा सल्ला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. अंगात हार्नेस चढवला की आमची बाई जागच्या जागी आडवी. पाय ताठ, डोळे छताकडे. काढला की उठून खायला चालती. आठ दिवस हे नाटक बघितलं. मग हार्नेस तिच्या अंथरुणावर नुसता टाकून ठेवला, नंतर घालून लगेच जेवण दिलं, असं करत महिन्याभरात चालायला लागली. चालायला म्हणजे ती नेईल तिकडे मी.

*

सोडण्याआधी आजूबाजूच्या घरी जाऊन उंदरांचं औषध कुणी टाकतंय का ते विचारा. आमच्या मनूने औषध खाल्लेला उंदीर खाल्ला. तीन दिवसांनी हिरड्यांतून रक्त. व्हिटॅमिन केचे उपचार महिनाभर चालले, वाचली. विचारायला मला दोन मिनिटं लागली असती.

*

मीच, पुन्हा. सगळ्यांचं वाचून काढलं, पहिला अनुभव तर दोनदा.

ढम्याचं ऑपरेशन झालं, तो अजून घरातच आहे. मनीला पाच आठवडे ठेवलं. ठक ठकची सवय तिसऱ्या आठवड्यात लागली, पण गंमत म्हणजे आधी ढम्याला. ती त्याच्या मागून सावकाश यायची, जणू त्याला सोडायला आलीय. ती स्वतःहून धावत यायला लागली तेव्हा शेजारच्या तिन्ही घरी जाऊन आले. एका घरी औषध टाकलेलं होतं. त्यांनी कुरकुर न करता उचललं.

परवा सकाळी, जेवणाआधी, दार उघडलं. ढम्याला आत कोंडला होता, त्याने आकांत मांडला. मनी उंबऱ्यावर आली. एक पंजा बाहेर ठेवला, उचलला, झटकला, दव लागलं असावं. मग तिथेच बसून पंजा चाटत राहिली, वीस मिनिटं. मी डबा वाजवायच्या आधीच आत गेली आणि कोंडलेल्या दाराशी जाऊन बसली.

काल तेच, आज तेच. पहाटे पाचला दारावर पंजे मात्र चालू आहेत.