लाइट गेली, गेला की गेले?

ऐरोलीहून:
परवा भर दुपारी वीज गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या "लाइट गेले", सासूबाई म्हणाल्या "लाइट गेली", खाली वॉचमनदादा "लाइट गेला". घरात दिवा एकही चालू नव्हता, थांबले ते पंखे. मग गेली ती 'लाइट' कशी? आणि लिंग कोणतं धरायचं? सोसायटीच्या फळ्यावर सूचना लिहायची आहे.

नौपाड्याहून:
ताई, तिन्ही रूपं बरोबर आहेत. 'गेली'मागे वीज किंवा बत्ती आहे, 'गेला'मागे दिवा, 'गेले'मागे घरभरचे दिवे. बाहेरून आलेल्या शब्दाला आपण घरातल्या शब्दाचं लिंग देतो. "लाइट आली का? मग हॉलमधला लाइट लाव," असं एकाच दमात म्हणतोच की! पहिली लाइट म्हणजे पुरवठा, दुसरा म्हणजे दिवा.

दिवा बंद असतानाही लाइट का जाते, याचं कारण मला इतिहासात दिसतं. विजेचा धंदा सुरू झाला तोच उजेड विकायला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजघर सुरू झालं, तेव्हा त्यावर जेमतेम ४०० दिवे होते. कंपनीच्या नावातही 'इल्युमिनेटिंग' होतं. तिचा मीटर तर बघण्यासारखा! बरणीतल्या द्रावणात जस्ताच्या दोन पट्ट्या. वीज वाहिली की एकीवरचं जस्त सुटून दुसरीवर चढायचं. महिन्याने माणूस येऊन पट्ट्या न्यायचा, त्यांचं वजन व्हायचं आणि त्यावरून बिल. आपण अजून 'लाइट बिल'च भरतो, त्यात एसीचा वाटा कितीही असो.

त्याआधीचे आर्क दिवे म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या फटीत पेटणारा डोळे दिपवणारा उजेड. घरात तो सोसणारा नव्हता, म्हणून रस्ते आणि बाजार. पॅरिसचे रस्ते १८७८ मध्ये त्याने उजळले. आपल्याकडे क्रॉफर्ड मार्केटात १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले. ट्रामसह वीज पुरवणारी 'बेस्ट' कंपनी आली ती १९०५ मध्ये.

वाशीहून:
दादा, 'बत्ती'बद्दल थोडं. वात आणि बत्ती या सख्ख्या बहिणी, दोघी संस्कृत 'वर्ति'तून आलेल्या. कापसाची वात गेली तरी नाव टिकलं. लग्नाच्या मांडवातली गॅसबत्ती चालायची रॉकेलवर: स्पिरिटने तापवायची, पंप मारायचा, रॉकेलची वाफ झाली की जाळीचं मँटल पांढरंशुभ्र पेटायचं. त्या वाफेमुळेच ती 'गॅस'बत्ती. ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टीशेजारी 'दिवाबत्ती कर' आजही असतो, खांबावर एलईडी आला तरी.

क्रियापदंही तेलाच्या दिव्याचीच राहिली. बटण दाबतो, पण लाइट 'लावतो'. माझी आई तर ट्यूबसुद्धा 'मालव' म्हणायची. 'विझव' हा शब्द दिव्यासाठी तिने कधी तोंडातून काढला नाही. हे 'मालवणं' हल्ली ऐकूच येत नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

ऐरोलीहून:
मग फळ्यावर काय लिहू? 'वीजपुरवठा खंडित राहील' फारच सरकारी वाटतं.

नौपाड्याहून:
'दुपारी २ ते ४ लाइट नसेल, पाणी आधी भरून ठेवा.' 'नसेल'ला लिंग लागत नाही.