मदत हवी आहे: काळ्या मातीत मेटल डिटेक्टर कसा जुळवायचा? आईचं जोडवं शोधतोय (इंदूर)

नमस्कार मंडळी,

नवा मेटल डिटेक्टर घेऊन तीन आठवडे झाले. रोज पहाटे, फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, कॉलनीच्या बगीच्यात तासभर यंत्र फिरवतो. आत्तापर्यंत हाती आलं ते असं: बाटल्यांची बुचं, मांडववाल्यांचे खिळे, एक गंजलेलं कुलूप आणि ॲल्युमिनियमची १० पैशांची दोन नाणी. ज्यासाठी यंत्र घेतलं, ते अजून नाही.

दोन वर्षांपूर्वीची कोजागिरी. बगीच्याच्या मागच्या कोपऱ्यात सतरंज्या टाकून सगळे बसलो होतो, दूध आटत होतं. आईच्या डाव्या पायाला सूज होती. जोडवं रुतायला लागलं म्हणून तिनं ते काढून पदराच्या टोकाला बांधलं. घरी येऊन बघते तर गाठ सुटलेली. त्या रात्री बॅटऱ्या घेऊन शोधलं, दुसऱ्या दिवशी माळीदादांना घेऊन गवत अक्षरशः विंचरलं. बाबांनी लग्नाच्या वेळी सराफ्यातून घेतलेली जोडी आहे ती. उरलेलं जोडवं आई देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवते. तिचं वय ७८. शोध म्हणून एकदाही म्हणाली नाही, पण सणावाराला ती डबी उघडून बघते, हे मला दिसतं.

यंत्र साधं व्हीएलएफ (कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं) आहे, ११ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती), स्क्रीनवर धातूचा अंदाज देणारा ० ते ९९ आकडा येतो. डबीतलं जोडवं लाकडी पाटावर ठेवून वरून कॉइल फिरवली तर स्वच्छ ७९ येतो, आवाजही गोड. म्हणून मी ७५ च्या वरचेच संकेत खणतोय. बाकी सगळं सोडून देतो.

अडचण ही की आपली माळव्याची काळी माती. गवतावर यंत्र बरं चालतं, पण मागच्या उघड्या कोपऱ्यात सतत कुरकुरतं. आकडा १२ वरून ८८ वर, परत ३० वर. सेन्सिटिव्हिटी कमी केली की शांत होतं, पण मग सहा इंच खोल पुरलेलं माझं चाचणीचं नाणंसुद्धा सापडत नाही. जवळून विजेची लाइन गेली आहे, तो त्रास आहे की मातीचा, हेही कळत नाही.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांसाठी लिहून ठेवतो, मला कोणी सांगितली नव्हती. यंत्राबरोबर आलेला तक्ता परदेशी नाण्यांचा आहे. आपला हल्लीचा स्टेनलेस स्टीलचा एक रुपया चुंबकाला चिकटतो, त्यामुळे माझं यंत्र त्याला लोखंड समजतं आणि लोखंड वगळायचं बटण चालू असेल तर साफ गप्प बसतं. जुना जाड, कॉपर-निकेलचा रुपया मात्र व्यवस्थित बोलतो. घरातली नाणी एका ताटात मांडून स्वतःचा तक्ता बनवा.

परवानगीचं म्हणाल तर बगीच्याच्या समितीला आणि चौकीदाराला आधीच सांगून ठेवलं आहे. खड्डा केला की माती कागदावर काढतो आणि गवताचा थर परत बसवून पाणी घालतो.

कोणी काळ्या मातीत यंत्र चालवलं असेल तर कृपया मार्ग दाखवा.

*

माती_आणि_दगड:
दादा, आधी दोष कुणाचा ते ठरवा. कॉइल जमिनीपासून कंबरेच्या उंचीवर धरा आणि अजिबात हलवू नका. तरी कुरकुर चालू राहिली तर विजेची लाइन किंवा खिशातला मोबाईल. कॉइल हलवल्यावरच, जमिनीजवळच होत असेल तर माती.

तुमच्याकडे माती असणार असं वाटतं. माळव्याची काळी माती बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली आहे आणि त्या दगडात मॅग्नेटाइट असतं. यंत्राला तेही बोलतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा संकेत वगळायची जुळणी, कारखान्याच्या सेटिंगवर ठेवू नका. धातू नाही अशी हातभर जागा बघा, त्याच कोपऱ्यातली, गवतावरची नको. तिथे कॉइल वर-खाली करत आवाज एकसारखा होईपर्यंत बॅलन्स जुळवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा. जमलं तर लहान कॉइल मागवा. ती एका वेळी कमी माती बघते, म्हणून गोंधळही कमी.

खोलीचाही विचार करा. उघड्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि वरचं काय काय त्यात खाली जातं. दोन उन्हाळे गेले आहेत.

रामबागकर:
एक सूचना. उत्साहाच्या भरात राजवाडा, होळकरांच्या छत्र्या (समाधी-स्मारकं), लालबाग अशा ठिकाणी यंत्र नेऊ नका. आणि १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला ठेवा १० रुपयांहून जास्त किमतीचा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. उद्या शिवाजीराव होळकरांच्या वेळचा नंदीवाला अर्धा आणा हाताला लागला तर तिथेच थांबा, खणत बसू नका. जोडव्यासाठी मनापासून शुभेच्छा.

चांदीकाम:
आमच्या घरी चांदीचं काम होतं म्हणून विचारते. जोडवं बंद आहे की उघड्या टोकांचं?

धागाकर्ता:
उघड्या टोकांचं आहे ताई. टोकं एकमेकांवर टेकतात, बोटाप्रमाणे सैल-घट्ट करता येतं.

चांदीकाम:
मग ७९ वर विसंबू नका. यंत्रामुळे कड्यात वीज गोल फिरते, तिचाच हा संकेत. टोकं टेकलेली असतील तर गोल पूर्ण होतो. मातीत दोन वर्षांत चांदी काळी पडते, टोकांमध्ये मळ बसतो, किंवा पायाखाली येऊन टोकं फाकतात. मग तेच जोडवं वेगळं बोलेल. डबीतल्या जोडव्याच्या टोकांमध्ये कागदाचा कपटा घालून पुन्हा बघा.

धागाकर्ता:
ताई, आत्ताच करून बघितलं. आईनंच डबी काढून दिली. पाट तोच, जोडवं तेच, टोकांमध्ये वर्तमानपत्राचा बोटभर कपटा. आकडा ७९ वरून ५१ वर आला! कपटा काढला की पुन्हा ७९. तीनदा केलं, तीनदा तसंच. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "म्हणजे तू त्याच्यावरून चालत गेला असशील."

तसंच झालं असणार. ५० च्या आसपासचे संकेत मी रोज सोडत होतो, कारण त्या १० पैशांचा आणि चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा आकडा साधारण तिथेच येतो. मागच्या कोपऱ्यात असे निदान वीस-पंचवीस असतील.

माती_आणि_दगड यांनी सांगितलेली चाचणीही केली. कॉइल हवेत स्थिर धरली तर यंत्र एकदम गप्प. म्हणजे मातीच.

उद्या पहाटे सुतळीनं कोपऱ्याचे हातभर रुंदीचे पट्टे आखतो, बॅलन्स तिथेच जुळवतो आणि ४५ ते ८० मधलं सगळं खणतो, मग चॉकलेटचे कागद कितीही निघोत. आता एवढंच सांगा: आठ-नऊ इंच खोल जावं लागलं तर खुरपं पुरेल की अरुंद पात्याची छोटी कुदळ घेऊ? कोपऱ्यात पाण्याच्या पाइपची लाइन आहे, तिला धक्का लागायला नको.